आरव्हीने युटा-ॲरिझोनाच्या डोंगर-वाळवंटात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून आई-बाबा मुक्कामाला आले, की अमेरिकेतल्या मराठी घरांत एक बेत हमखास शिजतो: यंदा हॉटेलं नकोत, आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर भाड्याने घेऊ आणि ग्रँड कॅन्यनची सगळी बाजू निवांत पाहून येऊ. बेत चांगलाच आहे. गोंधळ होतो तो तपशिलांत. या पानावर एकच वर्तुळ धरलं आहे: लास व्हेगस, झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, मोॲब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज नावाचं गाव, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ आणि परत लास व्हेगस. सगळं मिळून साधारण 1,300 मैल, म्हणजे 2,100 किलोमीटरच्या आसपास. उत्तरांत माहितीबरोबर आमची मतंही आहेत. ती वेगळी ओळखू येतील.

एवढ्यासाठी किती दिवस काढावेत?

दोन आठवडे असतील तर उत्तम, दहा दिवस म्हणजे ओढाताण, आणि आठवड्यात हे वर्तुळ होत नाही. नकाशावर अंतरं छोटी दिसतात. लास व्हेगस ते झायन 160 मैल, ब्राइस ते कॅपिटल रीफ 120 च्या आत, मोॲब ते मॉन्युमेंट व्हॅली 150. मोटारीने हे अडीच-तीन तासांचं काम. पण आरव्ही चढावर रखडते, उतारावर जपून घ्यावी लागते, शिवाय रोज सकाळी निघायच्या आधी पाण्याचा पाइप काढा, विजेची केबल गुंडाळा, टाक्या रिकाम्या करा, कपाटांच्या कड्या लावा, यात तासभर जातो. संध्याकाळी पोहोचल्यावर हेच उलट्या क्रमाने.

म्हणून आमचा एकच आग्रह आहे: आरव्ही चालवायची कमी आणि उभी जास्त करायची. प्रत्येक मुक्कामी किमान दोन रात्री. रोज गाव बदलायचं असेल तर साधी भाड्याची मोटार आणि मोटेल बरं. त्यात निदान झोप तरी पुरी होते.

आठवडाच हाताशी असेल तर मोॲब आणि मॉन्युमेंट व्हॅली सोडून द्या. झायन, ब्राइस, मग हायवे 89 ने कॅनॅबवरून पेज, तिथून ग्रँड कॅन्यन आणि परत. जीवावर येतं, पण ऐका.

क्लास ए, बी, सी यातलं आम्ही काय घ्यायचं?

क्लास ए म्हणजे पूर्ण बस. क्लास बी म्हणजे उंच छताची व्हॅन, दोघांसाठी झकास. क्लास सी म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली खोली, ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग पुढे आलेला. भाड्याने जास्त करून हीच मिळते आणि दोन जोडपी किंवा जोडपं, मुलं आणि आजी-आजोबा अशा कुटुंबाला हीच ठीक. पंचविसेक फुटांची गाडी बघा. जाहिरातीत ‘पाच-सहा जणांची झोपायची सोय’ लिहिलेलं असतं. चार मोठी माणसं आणि एक लहान मूल हा प्रामाणिक आकडा.

वरचा पलंग वयस्कर माणसांना देऊ नका. शिडी उभी असते आणि छत नाकाशी येतं. मागचा पलंग आई-बाबांना द्या. दोन्ही बाजूंनी उतरता येतं का, ते गाडी ठरवतानाच तिच्या आतल्या आराखड्यात बघून घ्या. कोपऱ्यातला पलंग असेल तर रात्री एकाला उठायचं तर दुसऱ्यालाही उठवावं लागतं.

वेगळं लायसन्स लागतं का? बाबा भारतातल्या लायसन्सवर चालवतील का?

बहुतेक राज्यांत 26,000 पौंडांखालच्या आरव्हीला मोटारीचं साधं लायसन्स चालतं आणि भाड्याची क्लास सी त्याच्या पुष्कळ आत असते. भारतीय लायसन्स आणि आरटीओकडून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट यावर अनेक कंपन्या गाडी देतात. परमिट मात्र भारतातून निघण्याआधीच काढावं लागतं.

आता मत. बाबांनी तिकडे चाळीस वर्षं गाडी चालवली असली तरी उजव्या बाजूची पहिली सवय पंचवीस फुटी गाडीवर नको.

चालवायला खरंच अवघड असते का?

सरळ रस्त्यावर नाही. अवघड चारच गोष्टी आहेत. पहिली, वळण घेताना गाडीचं शेपूट विरुद्ध बाजूला बाहेर फेकलं जातं. पेट्रोल पंपावरचे पिवळे खांब सर्वात जास्त याच कारणाने लागतात. दुसरी, रिव्हर्स. मागे एक माणूस उभा केल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही, आणि तो माणूस आरशात दिसला पाहिजे. तिसरी, वारा. उघड्या वाळवंटात बाजूचा वारा लागला की एवढी उंच गाडी सरकते. वाऱ्याचा इशारा असेल त्या दुपारी थांबा. चौथी, उतार. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, खालचा गिअर टाकायचा. टो-हॉलचं बटण असेल तर ते दाबा, इंजिनच गाडी आवरून धरतं. आपल्या घाटांत मालट्रकवाले हेच करतात.

गाडीची उंची आणि रुंदी फूट-इंचांत कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. मागे पाच गाड्या साचल्या की रस्त्याकडेच्या थांबायच्या जागेत, म्हणजे टर्नआउटमध्ये घ्या आणि त्यांना जाऊ द्या.

आणि पंपावर लक्ष ठेवा: अमेरिकेत हिरव्या दांड्याचा नळ बऱ्याच ठिकाणी डिझेलचा असतो. भाड्याची क्लास सी सहसा पेट्रोलवर चालते.

झायनच्या बोगद्यातून आरव्ही जाते का?

भाड्याची क्लास सी असेल तर नाही असंच धरून चाला. झायन–माउंट कार्मेल रस्त्यावरचा हा 1.1 मैलांचा बोगदा 1930 साली खुला झाला. तेव्हाच्या गाड्यांच्या मापाचा आणि वर कमानीचा. मोठी गाडी आली की समोरची वाहतूक अडवून तिला रस्त्याच्या मधोमध काढायची, त्याचे 15 डॉलर घ्यायचे, अशी पद्धत बरीच वर्षं होती. जुन्या प्रवासवर्णनांत तेच वाचायला मिळतं. जून 2026 पासून मोठ्या गाड्यांना हा रस्ताच बंद करण्याचा निर्णय पार्कने जाहीर केला. मर्यादा अशी: लांबी 35 फूट 9 इंच, रुंदी 7 फूट 10 इंच, उंची 11 फूट 4 इंच. लोक लांबी बघून निश्चिंत होतात आणि फसतात, कारण क्लास सी लांबीला बसते, पण रुंदीला आठ फुटांच्या वर आणि उंचीला बारा फुटांच्या आसपास असते.

पर्यायी रस्ता: स्प्रिंगडेलहून मागे हरिकेन गाव, तिथून 59 आणि पुढे ॲरिझोनाचा 389, फ्रेडोनिया, कॅनॅब आणि मग 89 ने उत्तरेला ब्राइस. दीडेक तास वाढतो. ब्राइसला पोहोचायची घाई त्या दिवशी ठेवू नका.

मग झायनच्या दरीत आत कसं जायचं?

पार्कच्या बसने. वर्षातले बरेच महिने आतला रस्ता खासगी गाड्यांना बंदच असतो आणि शटल फुकट असते. इथे आरव्हीवाल्यांचं फावतं: स्प्रिंगडेलमध्ये किंवा पार्कच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये घर उभं करून ठेवायचं आणि दोन दिवस किल्लीला हात लावायचा नाही.

आणखी कोणते रस्ते टाळावेत?

डांबरी नसलेले सगळे. भाडेकरारात तशी अट असतेच, आणि कच्च्या रस्त्यावर काही झालं तर विम्याचा आधार जातो.

दोन जागा फोनवरचा नकाशा बिनधास्त सुचवतो म्हणून नावानिशी सांगतो. मेक्सिकन हॅटजवळचा हायवे 261 नकाशात साधा राज्यरस्ता दिसतो, पण त्यावर मोकी डगवे नावाचा खडीचा घाट आहे: अकरा टक्क्यांपर्यंतचा उतार, तीव्र वळणं, कठडे नाहीत. आरव्ही तिथे न्यायची नाही. दुसरी, मॉन्युमेंट व्हॅलीतली 17 मैलांची मातीची फेरी. तिथे आरव्हीला मनाई आहे. वर गाडी लावून नवाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या वाटाड्यांच्या जीपने खाली उतरा.

ब्राइसहून कॅपिटल रीफला नेणारा हायवे 12 मात्र चुकवू नका. एस्कलांट आणि बोल्डर गावांच्या मध्ये ‘हॉगबॅक’ नावाचा पट्टा आहे. रस्ता कड्याच्या माथ्यावरून जातो आणि दोन्ही बाजूंना जमीन संपते. आरव्ही नीट जाते. पुढे हाच रस्ता बोल्डर माउंटनवर 9,600 फुटांपर्यंत चढतो, पाइन आणि ॲस्पेनच्या जंगलात, आणि तिथून खाली लाल वाळवंट पसरलेलं दिसतं. एकाच दुपारी स्वेटर आणि गॉगल दोन्ही लागतात. ड्रायव्हरला काही दिसत नाही, म्हणून पाळीपाळीने चालवा.

कधी जावं?

एप्रिलचा शेवट ते मे, किंवा सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर. जून ते ऑगस्ट मुलांना सुट्टी असते म्हणून लोक जातात, पण झायन, मोॲब, पेज या ठिकाणी पारा 38-40 अंशांवर जातो आणि आरव्हीच्या पातळ भिंतींपुढे एसीची दमछाक होते. थंडीत पाण्याचे पाइप गोठतात. ब्राइस 8,000 ते 9,000 फुटांवर आहे. तिथे मे महिन्यातही रात्र गोठणबिंदूच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे एकाच सहलीत दोन ऋतूंचे कपडे.

जुलै ते सप्टेंबर इथेही मॉन्सून असतो. आपल्यासारखी झड नाही, दुपारनंतर एकदम कोसळणारी सर. जमीन पाणी पीत नाही, खडकावरून ते सगळं अरुंद घळींत उतरतं. 12 ऑगस्ट 1997 रोजी पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये असाच लोंढा आला आणि 11 पर्यटक गेले. पाऊस पडला होता काही मैल दूर. डोक्यावर निळं आकाश आहे म्हणून घळीत उतरू नका. त्या दिवशीचा पुराचा अंदाज पार्कच्या कार्यालयात विचारा आणि वाटाड्या नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका.

डेथ व्हॅली जोडता येईल का?

नोव्हेंबर ते मार्चमध्ये सहल असेल तर जरूर. उन्हाळ्यात नको. फर्नेस क्रीकला 10 जुलै 1913 रोजी नोंदलेलं 56.7 अंश सेल्सियस हे जगातलं सर्वात जास्त अधिकृत तापमान मानलं जातं, आणि उन्हाळ्यात गाडी तिथे न्यायला बऱ्याच कंपन्या करारातच मनाई करतात. करार वाचा.

आरव्ही हॉटेलपेक्षा स्वस्त पडते ना?

नाही. हा गैरसमज आधी काढून टाका. रोजचं भाडं, त्यावर दर मैलामागे आकार, जनरेटरचे तासागणिक पैसे, भांडी-अंथरुणांचा संच, विमा, आणि रात्रीच्या कॅम्पचं भाडं वेगळं. क्लास सी गॅलनला 8 ते 10 मैल देते. म्हणजे 1,300 मैलांना दीडशे गॅलनच्या आसपास पेट्रोल. साडेतीन-चार डॉलरच्या भावाने सव्वापाचशे ते सहाशे डॉलर नुसते इंधनाचे.

पैसे वसूल होतात ते दुसरीकडे. आईला रात्री तीनदा उठायचं असेल तर बाथरूम चार पावलांवर असतं. बाबांची इन्सुलिन फ्रिजमध्ये राहते. वाटेतल्या छोट्या गावांत शाकाहारी माणसाला चीज सँडविचपलीकडे फार काही मिळत नाही, तिथे गरम वरण-भात मिळतो. या तिन्ही गोष्टींची तुम्हाला गरज नसेल, तर मोटार घ्या.

कॅम्पग्राउंडचं बुकिंग किती आधी?

राष्ट्रीय उद्यानांच्या आतल्या बहुतेक जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर मिळतात. वॉचमनसारख्या ठिकाणच्या सहा महिने आधी खुल्या होतात आणि चांगल्या मोसमात लगेच संपतात. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज-पाणी-सांडपाणी असं पूर्ण हुकअप आहे. शेजारच्या मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाही आणि 30 फुटांची मर्यादा आहे. ब्राइस, कॅपिटल रीफ आणि मोॲबजवळच्या आर्चेस उद्यानाच्या आतल्या कॅम्पमध्ये हुकअप नाही. आई-बाबा बरोबर असतील तर एक रात्र हुकअपशिवाय, दुसरी हुकअपची, असा क्रम लावा.

ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ बेतात असेल तर नीट चौकशी करा. जुलै 2025 च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं.

फुकट कुठे थांबता येतं?

ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या सरकारी जमिनींवर बऱ्याच ठिकाणी 14 दिवसांपर्यंत विनामूल्य मुक्काम करता येतो. ना पाणी, ना संडास, ना शेजार. तरुण जोडप्यांना आवडेल. वॉलमार्टच्या आवारात रात्रभर थांबू देणं हे त्या त्या दुकानावर आणि गावाच्या नियमावर असतं. आत जाऊन विचारा.

पार्कचा पास कोणता? आई-बाबांचे पैसे वेगळे लागतात का?

1 जानेवारी 2026 पासून नियम बदलले आहेत, त्यामुळे ओळखीतल्या कुणी दोन वर्षांपूर्वी काय केलं, ते विसरा. अमेरिकेत राहणाऱ्यांचा वार्षिक पास 80 डॉलरचा. बाहेरून आलेल्यांचा 250 डॉलरचा. शिवाय सर्वाधिक गर्दीच्या 11 उद्यानांत, परदेशी पाहुण्याकडे वार्षिक पास नसेल तर, 16 वर्षं आणि त्यावरील प्रत्येकामागे 100 डॉलर जादा. आपल्या वर्तुळातली झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन ही तिन्ही त्या यादीत आहेत. तुमच्या गाडीत इथले आणि तिथले असे दोन्ही असणार. पास कुणाच्या नावावर घ्यायचा, हे निघण्यापूर्वी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर वाचून ठरवा. फाटकावर ओळखपत्र मागतात.

मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन राष्ट्रीय उद्यानं नाहीत. तिथे हा पास चालत नाही.

एसी आणि इंडक्शन एकदम लावला की वीज का जाते?

भाड्याच्या क्लास सीला सहसा 30 अँपिअरची जोडणी असते. 120 व्होल्टला त्याचे होतात 3,600 वॅट. एसी दीडेक हजार खातो, इंडक्शन अठराशेपर्यंत, आणि तेवढ्यात कुणी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं की ब्रेकर पडतो. स्वयंपाक चालू असेपर्यंत एसी बंद, किंवा प्रोपेन गॅसची शेगडी वापरा. हुकअप नसेल तिथे दिवे आणि पाण्याचा पंप बॅटरीवर चालतात, एसी-मायक्रोवेव्ह नाही. त्यासाठी जनरेटर, आणि तोही कॅम्पच्या ठरलेल्या वेळातच. वॉचमनमध्ये जनरेटरला मनाईच आहे. पेट्रोलची टाकी पावाखाली गेली की जनरेटर आपोआप बंद होतो. तो बिघडलेला नसतो.

डाळ शिजत का नाही?

उंचीमुळे. ब्राइसला साधारण 2,400 मीटरवर पाणी 92 अंशांनाच उकळतं, ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर 93 च्या आसपास. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी बोटचेपी होत नाही आणि प्रोपेन संपतो. तीन लिटरचा छोटा कुकर घरूनच घ्या. भांड्यांच्या भाड्याच्या संचात तो नसतो.

थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पिठल्याचं बेसन, पोहे, भाजलेला रवा, दाण्याचं कूट हे घरून. भाजी-दूध लास व्हेगस किंवा सेंट जॉर्जला भरून घ्या. मग मोॲब आणि पेजला मोठी दुकानं आहेत, मधल्या गावांत भाव चढे आणि माल थोडा. कॅपिटल रीफमध्ये फ्रूटा नावाची जुनी वस्ती आहे. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी लावलेल्या तिथल्या बागा पार्कने जपल्या आहेत, आणि हंगामात चेरी, जर्दाळू, पीच, सफरचंदं स्वतः तोडून वजनावर घेता येतात. आजोबांना हे काम द्या.

फोडणी शक्यतो बाहेरच्या पिकनिक टेबलावर, सुट्या शेगडीवर. आत मिरचीची फोडणी टाकली की धुराचा अलार्म कोकलतो. खिडकी उघडा, पंखा लावा, पण अलार्मची बॅटरी काढून ठेवू नका. प्रोपेन आणि जनरेटर असलेल्या बंद खोलीत तुम्ही झोपणार आहात.

टॉयलेटचं काय? स्पष्ट सांगा.

सांगतो, कारण खरा प्रश्न हाच असतो आणि तो सगळ्यात शेवटी, हळू आवाजात विचारला जातो.

गाडीला तीन टाक्या: स्वच्छ पाण्याची, बेसिन-आंघोळीच्या पाण्याची म्हणजे ग्रे, आणि संडासाची म्हणजे ब्लॅक. संडासात पाण्याचा मग वापरला तर चालतो का? चालतो, उलट बरंच. ब्लॅक टाकीत पाणी जितकं जास्त तितकी ती नीट रिकामी होते. फक्त ती लवकर भरते. चार माणसांत तीन-चार दिवस धरा. ओले वाइप्स कधीही टाकायचे नाहीत, आणि कागद टाकायचा तर विरघळणाराच.

रिकामं करायची रीत: रबरी हातमोजे, जाड नळी डंप स्टेशनच्या, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागेच्या, तोंडाला घट्ट, आधी ब्लॅकची झडप उघडा, ती संपली की बंद करून ग्रेची. साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. क्रम उलटा केला तर नळी घाण राहते. आणि पूर्ण हुकअप आहे म्हणून ब्लॅकची झडप दिवसभर उघडी ठेवू नका. पाणी वाहून जातं, बाकीचं आत साचून घट्ट होतं, आणि मग ते कुणीच काढू शकत नाही. टाकी निम्म्याहून जास्त भरू द्या, मगच सोडा.

आंघोळीचं गरम पाणी सहसा सहा गॅलनच्या टाकीतून येतं. अंग भिजवा, नळ बंद, साबण, मग परत नळ. ज्यांना बादलीभर पाण्याची सवय आहे त्या पिढीला हे आपसूक जमतं. नातवंडांना शिकवावं लागतं. कॅम्पच्या न्हाणीघराचा जमेल तितका वापर करा.

गाडी चालू असताना आई उठून चहा करेल का?

नाही. चालत्या गाडीत प्रत्येक जण पट्टा लावून बसलेला हवा, शेगडी बंद, आणि पेट्रोल भरताना प्रोपेनवर चालणारं सगळं बंद. टर्नआउटवर थांबा, पाच मिनिटांत चहा होतो, आणि खिडकीबाहेरचं दृश्य फुकट.

आई-बाबांना चालणं झेपेल का?

पुष्कळ काही झेपेल. ब्राइसला सनराइज ते सनसेट पॉइंट हा काठावरचा अर्धा मैल डांबरी आणि जवळपास सपाट आहे, आणि खालचे दगडी सुळके तिथूनच सर्वात चांगले दिसतात. झायनमध्ये नदीकाठचा पारुस रस्ता. ग्रँड कॅन्यनच्या काठावर पक्की पायवाट आणि ठिकठिकाणी बस. आर्चेसमध्ये विंडोज भाग आणि बॅलन्स्ड रॉक. डेलिकेट आर्च मात्र येऊन-जाऊन तीन मैल, उघड्या खडकावरची चढण आणि वाटेत सावली नाही. गुडघे दुखत असतील तर खालच्या व्ह्यूपॉइंटवरून बघा.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर. हवा इतकी कोरडी की घाम जाणवतच नाही, आणि संध्याकाळी डोकं धरतं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उंचीबद्दल डॉक्टरांना आधी विचारावं. पाहुण्यांचा आरोग्यविमा घेतल्याशिवाय निघू नका.

मोॲबच्या बाजूला मातीवर काळसर, खरबरीत साय दिसते. ती सजीव असते आणि एका पावलाने मोडलेली भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. पायवाट सोडू नका. ग्रँड कॅन्यनच्या खारींना शेंगदाणे घालायचा मोह आजी-आजोबांना फार होतो. मनाई आहे, आणि त्या चावतात.

घड्याळ एवढं का गोंधळतं?

उन्हाळ्यात युटा लास व्हेगसच्या एक तास पुढे असतो. ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही, म्हणून तिथे उन्हाळ्यात लास व्हेगसचीच वेळ. पण ॲरिझोनाच्या आत असलेला नवाहो नेशन घड्याळ पुढे करतो, म्हणजे युटाबरोबर. त्यामुळे मॉन्युमेंट व्हॅलीत एक वेळ, दोन-अडीच तासांवरच्या पेजमध्ये दुसरी, आणि फोन वाटेतल्या टॉवरप्रमाणे मत बदलत राहतो. अँटिलोप कॅन्यनच्या फेऱ्या पेजच्या वेळेने चालतात. तिकीट काढतानाच ‘कुणाची वेळ’ ते विचारा आणि गाडीत एक साधं घड्याळ त्या वेळेला लावून ठेवा.

नवाहो भागात काय पथ्य?

तो कुणाच्या तरी मालकीचा प्रदेश आहे, जवळजवळ पाव महाराष्ट्राएवढा, स्वतःचं सरकार आणि पोलीस असलेला. दारू विकायला आणि बाळगायला बंदी. ड्रोन नाही (राष्ट्रीय उद्यानांतही नाही). माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत. अँटिलोप कॅन्यन वाटाड्याशिवाय बघता येत नाही. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर दागिने विकतात ते बहुतेक वेळा बनवणारेच असतात, घासाघीस बेताने.

हे सगळे खडक असे रंगीत, थरांचे का? आणि ‘शिवा टेंपल’ खरंच आहे?

सह्याद्रीतले थर लाव्हाचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. इथले थर वाळूचे, चिखलाचे, समुद्रतळाचे. लाल रंग लोहाच्या गंजाचा. झायनचे कडे म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, दगड झालेल्या. नीट बघितलं तर वाऱ्याने तिरक्या रचलेल्या रेषा अजून दिसतात. ढोबळमानाने, ब्राइसचा तळ तो झायनचा माथा, आणि झायनचा तळ तो ग्रँड कॅन्यनचा माथा. म्हणून ब्राइसहून ग्रँड कॅन्यनकडे येताना तुम्ही काळात मागे उतरत असता. मुलांना हे आधी सांगितलं तर त्यांचं लक्ष खिडकीबाहेर राहतं. ब्राइसचे सुळके बर्फाने घडवले आहेत: दिवसा वितळलेलं पाणी फटीत जातं, रात्री गोठून फुगतं, खडक फोडतं.

आणि हो, ग्रँड कॅन्यनमध्ये शिवा टेंपल, विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल नावाची शिखरं आहेत. देवळं नाहीत. क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात पौर्वात्य देवांची नावं द्यायला सुरुवात केली, पुढच्यांनी ती चालवली. दरीच्या तळाचा, सुमारे 175 कोटी वर्षांचा काळा खडकही ‘विष्णू शिस्ट’ म्हणूनच ओळखला जातो. दुर्बीण न्या, आईला काठावरून विष्णू दाखवता येतो.

आकाशगंगा कुठे दिसेल?

कॅपिटल रीफ आणि ब्राइसला. दोन्ही प्रमाणित काळोखी आकाशाची उद्यानं आहेत. तारखा ठरवण्याआधी कालनिर्णय काढा आणि अमावास्या त्या दोन मुक्कामांत बसवा. पौर्णिमेला तारे बुजतात. दिवे घालवा, वीस मिनिटं फोन बघू नका, ब्लँकेट घ्या. रात्री दहानंतर कॅम्पमध्ये शांतता पाळायची असते, तेव्हा अंताक्षरी त्याआधी उरकून घ्या.

फोनला रेंज असते का?

गावांत असते, मध्ये नसते. नकाशे घरीच डाउनलोड करा आणि कॅम्पच्या बुकिंगचे कागद छापून घ्या. मोॲबहून थेट लास व्हेगसला परतत असाल तर ग्रीन रिव्हरला टाकी भरा. पुढे आय-70 वर सलिनापर्यंत शंभराहून अधिक मैल पंप नाही.

गाडी परत करताना काय बघतात?

पेट्रोल नेताना होतं तेवढं, प्रोपेन करारात असेल त्याप्रमाणे, ब्लॅक आणि ग्रे टाक्या रिकाम्या, आतून केर काढलेला. ग्रँड कॅन्यनहून लास व्हेगस 280 मैल आहे, आणि परतीची वेळ बहुतेक ठिकाणी सकाळची असते. म्हणून शेवटची रात्र काठावर काढू नका. किंगमनपर्यंत येऊन राहा, तिथे टाकी भरा (नेवाडात पेट्रोल सहसा ॲरिझोनापेक्षा महाग असतं), ब्लॅक-ग्रे टाक्या तिथल्या कॅम्पमध्येच रिकाम्या करा. गाडी ताब्यात घेताना काढलेला व्हिडिओ हाताशी ठेवा: चारही बाजू, छताची कडा, पुढची काच, पायरी. जुना ओरखडा कुणाचा यावरचा वाद त्याने मिनिटात मिटतो. आणि विमानाचं तिकीट त्याच दुपारचं काढू नका.